हलका लेथ घ्यावा की जड?

शिरोळ तालुक्यातील एका शेतकरी बंधूंनी विचारले आहे : मुलगा आयटीआयतून टर्नर होऊन आला, गावातच दुरुस्तीचे दुकान काढतो म्हणतो. दोन जुने लेथ पाहिले. एक हलका, पट्ट्यावर चालणारा. दुसरा जड, गिअरचा, किंमत जवळजवळ दुप्पट. दोन म्हशी विकून पैसा उभा करायचा आहे. कोणता घ्यावा?

प्रश्न पिकाचा नाही, पण दावणीच्या जनावरांचा आहे, म्हणून उत्तर देतो.

कोल्हापुरात जुन्या लेथला तोटा नाही. पाणी उपसायला ऑइल इंजिने लागू लागली, तसे उद्यमनगरात फाउंड्री आणि लेथ वाढले. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करची स्थापना १९४१ ची, बंगळूरच्या एचएमटीची १९५३ ची. आता मोठे कारखाने सीएनसीकडे वळल्याने असली यंत्रे विक्रीला येतात.

आधी काम पाहा. पंपाचे शाफ्ट, बुश, पिना एवढेच करायचे असेल, तर हलका लेथ पुरतो. पट्टा जास्त ताणावर घसरतो, त्यामुळे शिकाऊ हाताकडून मोडतोडही कमी होते. पण गुऱ्हाळाच्या चरकाच्या लाटा घासायच्या असतील, तर हलक्याचा नाद सोडा. बिडाची जड लाट चकात धरली की हलका लेथ थरथरतो, कामावर खवले उठतात. शिवाय बेडवर बारा इंच फिरते म्हणून बारा इंची लाट बसेल असे नाही. सॅडलवर जागा बरीच कमी असते. टेप लावून तीच मोजावी.

मात्र जड म्हणजे चांगला, असेही नाही. जुन्या लेथची झीज चकाजवळच्या बेडवर होते, कारण बहुतेक काम तिथेच चालते. तिथे सॅडल नीट सरकेल इतपत पट्ट्या आवळा आणि टेलस्टॉककडे न्या. तिकडे अडकले, तर चकाजवळ बेड खाल्लेला आहे. मग चकात एक जाड सळई सहा इंच बाहेर धरा, हलका काप घ्या आणि दोन्ही टोके मायक्रोमीटरने मोजा. फरक आला, तर तो लेथ लेव्हल करून पुन्हा तपासावा. विक्रेता तयार नसेल तर दुसरा बघावा. नवा रंग पाहून भुलू नये. रंग म्हशीच्या शिंगांनाही लावतात!

हलका लेथ कुठेही ठेवला तरी चालतो, हा समज तर अगदी उलटा आहे. जड बेड स्वतःच्या ताठपणाने बराचसा सरळ राहतो, हलका बेड जमिनीबरोबर पिळतो. शिरोळची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तेव्हा काळी माती काढून मुरूम भरा, ठोका, वर काँक्रीट करा. लेथ हलका असो वा जड, पावसाळ्यानंतर बेडवर आडवी लेव्हल लावून पाहावी.

पत्रात चरकाच्या लाटांचा उल्लेख आहे, म्हणून माझे मत जड लेथकडे, पण बेड तपासूनच. विहिरीच्या मोटारीच्या कनेक्शनवर मात्र तो चालवू नका. शेतीपंपाची वीज दुकानाला वापरली तर दंड बसतो. व्यवसायाच्या थ्री-फेज जोडणीचा अर्ज आधी करा, तिचा खर्च समजून घ्या आणि मगच म्हशींचा व्यवहार ठरवा.