कानात बोळे, हातात क्यू

परवाच्या रविवारी मी एक मॅच जिंकलो आणि तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरलाय. जिंकल्यावर भुंगा शिरायचं काय कारण, असं कोणीही विचारेल. बायकोनेही विचारलं. तिला समजावून सांगण्यात तास गेला, आणि शेवटी ती वैतागून म्हणाली, "मग लिहून टाक ना एकदाचं!" तर हे लिहून टाकतोय.

पुण्यातल्या एका पूल पार्लरमधली वीकएंड स्पर्धा. नाइन बॉल, पाच फ्रेम आधी जिंकेल तो पुढे. खेळणारे बहुतेक आपल्यासारखेच, म्हणजे आठवडाभर मॉनिटरसमोर पाठ मोडून घेतलेले. सेमी फायनलला माझ्यासमोर पंचविशीतला एक मुलगा आला. हात मिळवताना त्याने एका कानातला इअरबड काढला, "हाय" म्हणाला, आणि परत कानात बसवला. मी काही बोललो नाही. आपण कोण सांगणारे, नाही का?

४-४ झाले. शेवटची फ्रेम. सात आणि नऊ नंबर एकमेकांना चिकटून बसलेले, त्यामुळे सरळ साफ करायची सोय नव्हती. मी सेफ्टी खेळलो, तो अडकला, फाउल. मी पुन्हा सेफ्टी, तो पुन्हा फाउल. आता ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : नाइन बॉलमध्ये टेबलावरच्या सगळ्यात लहान नंबरच्या बॉलला पांढरा बॉल आधी लागला पाहिजे, नाहीतर फाउल. आणि मध्ये एकही कायदेशीर शॉट न मारता सलग तीन फाउल झाले की फ्रेम गेली. पण त्याला एक अट आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या फाउलच्या मध्ये समोरच्याला सूचना दिली पाहिजे की बाबा रे, तुझे दोन झालेत.

मी दिली. "बॉस, दोन झाले हं." तो क्यूला चॉक लावत उभा होता. त्याची मान हलली. मी तिसरी सेफ्टी खेळलो, त्याने दोन कुशनवरून भारी प्रयत्न केला, केसभर हुकला, आणि मी हात पुढे केला. त्याने इअरबड काढला आणि विचारलं, "काय झालं?"

पुढची पंधरा मिनिटं काय झालं ते सांगत बसत नाही. आयोजकाने मला एकच प्रश्न विचारला, "वॉर्निंग दिली होती?" मी म्हणालो, "दिली होती." मॅच मला मिळाली. नंतर बॉल गोळा करता करता तिथला म्हातारा मार्कर हळूच म्हणाला, "दिली होती सर तुम्ही. पण त्याला ऐकू गेली नव्हती. ते तुम्हालाही माहीत होतं."

माहीत होतं. मान गाण्याच्या ठेक्यावर हलली होती. ती आधीही तशीच हलत होती.

माझ्या पापाकडे शेवटी येतो. आधी त्या इअरबड्सचा समाचार घेऊ, कारण ते तिथे नसतेच तर माझ्यावर ही वेळच आली नसती.

माझं म्हणणं सरळ आहे. स्पर्धेत, टेबल सुरू झाल्यापासून शेवटचा बॉल पडेपर्यंत, कानात हेडफोन किंवा इअरबड घालणं हा उद्धटपणा आहे. "माझे कान, माझी मर्जी" हा बचाव इथे लागू होत नाही. का, ते सांगतो.

टीव्हीवर पूल पाहिला की वाटतं, पांढरे हातमोजे घातलेला पंच असतोच. आपल्या स्पर्धांत कुठला आलाय पंच? टेबलं आठ, आयोजक एक, आणि तोसुद्धा काउंटरवर पैसे मोजतोय. मग पंच कोण? तर खेळणारे दोघं. जो खुर्चीत बसलाय तो त्या वेळचा पंच. जागतिक संघटनेच्या नियमांतही आहे की पुढचा शॉट सुरू व्हायच्या आत फाउल पुकारला नाही तर तो झालाच नाही असं धरायचं. म्हणजे हातात असतात काही सेकंद आणि साधन असतं फक्त तोंड. समोरच्याच्या कानात ढोल वाजत असतील तर तो खुशाल पुढचा शॉट मारून मोकळा होतो, आणि तुमचा खरा फाउल हवेत विरून जातो.

फाउल सोडा. नाइन बॉलमध्ये ब्रेकनंतरच्या पहिल्या शॉटला 'पुश आउट' खेळता येतो, पण तो आधी जाहीर करावा लागतो. न सांगता खेळलात तर तो साधा शॉट, आणि लहान नंबरला लागला नाही तर फाउल. एट बॉलमध्ये कुठला बॉल कुठल्या पॉकेटात ते उघड दिसत नसेल तर सांगावं लागतं. सेफ्टी खेळायची असेल तर सांगावं लागतं. बॉल कुशनला चिकटलाय की नाही हे शॉटच्या आधी दोघांनी ठरवावं लागतं, कारण चिकटलेल्या बॉलचा हिशोब वेगळा. हे सगळं बोलून होतं. दिसायला पूल मुक्यांचा खेळ वाटतो, पण तो चालतो बोलण्यावर.

आणि जे बोलून होत नाही ते ऐकून होतं. पांढरा बॉल आणि समोरचा बॉल अगदी जवळ असले की क्यूची टीप दोनदा लागायची भीती असते. डोळ्यांना तो डबल हिट पटकन दिसत नाही, कानाला 'ट-टक्' असा कळतो. बारीक कट मारला, बॉल हलला की नाही याची शंका आहे, अशा वेळी ती एवढीशी 'टिक्' निकाल लावते. खुर्चीत बसलेल्या पंचाने कान बंद ठेवले तर अर्धा पंच घरीच राहिला म्हणायचा.

आपल्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर मी पॅकेट पाठवलं, अॅक आलाच नाही, आणि तरी मी कनेक्शन झालं असं धरून पुढे गेलो. अशी सिस्टिम कोणी डिझाइन केली तर आपण रिव्ह्यूमध्ये त्याला उभा जाळू. टेबलावर मात्र चालतं!

आता नेहमीचे आक्षेप.

"पार्लरमध्ये केवढा गोंगाट असतो!" असतो. बाजूच्या टेबलावर वाढदिवस, वर स्पीकरवर तेच ते रिमिक्स, मधूनच चिली पनीरची ऑर्डर. मलाही त्रास होतो. पण तो दोघांनाही सारखाच होतो. मोस्कोनी कपमध्ये, युरोप विरुद्ध अमेरिका अशी ही स्पर्धा १९९४ पासून चाललीये, प्रेक्षक अक्षरशः फुटबॉलच्या मैदानासारखे ओरडतात. खेळाडू ते ऐकत ऐकत खेळतात. गोंगाट हा टेबलाचा भाग समजायचा, उतार असलेल्या कुशनसारखा. फारच असेल तर दोघांनी मिळून मालकाला आवाज कमी करायला सांगावं.

"नॉइज कॅन्सलिंग आहे, गाणं लावलेलंच नाही." हे मला कसं कळणार? शिवाय ते तंत्र एसीची घरघर, विमानाचं इंजिन अशा खालच्या पट्टीतल्या एकसुरी आवाजावर उत्तम चालतं. अचानक होणाऱ्या 'टक्' आवाजावर त्याची मात्रा फारशी लागू पडत नाही. म्हणजे ज्याचा त्रास होतो म्हणता त्याचाच बंदोबस्त होत नाही. "ट्रान्स्परन्सी मोडवर आहे" म्हणणाऱ्यांनाही तेच. मोड तुमच्या फोनवर दिसतो, माझ्या खुर्चीतून नाही.

आणि गाणंच वाजतंय हे तरी कशावरून? पलीकडून कोणी सांगत नसेल कशावरून? मी कोणावर आरोप करत नाहीये. पण १९९९ चा वर्ल्ड कप आठवतो? होव्हला आपल्याविरुद्ध दक्षिण आफ्रिकेचा हॅन्सी क्रोनिए कानात इअरपीस घालून उतरला होता, तिकडून कोच बॉब वूल्मर बोलत होता. तेव्हा ते नियमात बसत नाही असं कुठे लिहिलेलं नव्हतं. तरीही मॅच चालू असतानाच काढायला लावलं. बुद्धिबळात तर पंचाने खास परवानगी दिल्याशिवाय कुठलंही इलेक्ट्रॉनिक उपकरण खेळाच्या जागी जवळ बाळगायला मनाई आहे. तिथे सगळ्यांनाच चोर समजतात असं नाही. समोरच्याला शंका घ्यायला जागा ठेवू नये, एवढाच त्यातला अर्थ.

"मोठमोठे खेळाडू हेडफोन घालतात." घालतात, खेळाच्या आधी. २००८ साली बीजिंगमध्ये आठ सुवर्णपदकं घेणारा मायकल फेल्प्स रेसच्या आधी हेडफोन लावून फिरायचा, ते सगळ्या जगाने पाहिलं. पाण्यात उडी मारताना ते बाजूला असायचे. सराव करताना, नंबर यायची वाट बघताना, खुशाल ऐका. लॅग मारायला टेबलाशी आलात की काढा.

"मग शेन व्हॅन बोएनिंगचं काय?" हा आक्षेप मात्र वजनदार आहे. यूएस ओपन पाच वेळा आणि २०२२ साली नाइन बॉलचं विश्वविजेतेपद जिंकलेला हा अमेरिकन खेळाडू. त्याला जन्मापासून ऐकायला कमी येतं, श्रवणयंत्र वापरतो, आणि खेळताना ते बंद ठेवतो असं त्यानेच मुलाखतींत सांगितलंय. मग त्याला चालतं आणि आम्हाला का नाही?

दोन कारणं. एक तर त्याच्या समोरच्याला ते माहीत असतं. त्याला काही सांगायचं असेल तर समोर येऊन, हात करून सांगायचं हे ठरलेलं असतं. दुसरं, ज्याला ऐकू कमी येतं त्याने जन्मभर डोळ्यांनी माणसं वाचायची सवय केलेली असते. आपण कान बंद करतो तेव्हा बरोबर डोळेही बंद करतो. आपल्याला ऐकू येत नाही असं नसतं, आपल्याला ऐकायचं नसतं. ऑफिसमध्ये मोठे हेडफोन चढवून बसणं म्हणजे 'मला हात लावू नका' ही पाटी असते. तिथे ठीक आहे, तुमचा कोड तुमच्याशी. पण समोर माणूस उभा असताना, त्याच्याशीच खेळायला आलेले असताना, तीच पाटी लावायची?

इअरप्लगबद्दल मात्र माझं मन जरा मऊ आहे. फोमचे साधे बोळे नीट बसवले तर आवाज वीस ते तीस डेसिबलने कमी करतात, पण पूर्ण बंद करत नाहीत. त्यात गाणं नसतं, पलीकडे कोणी नसतं. काहींना खरंच गोंगाटाचा त्रास होतो, डोकं दुखतं, त्यांना 'घरी बसा' म्हणणं दुष्टपणा आहे. त्यामुळे प्लग चालतील, पण सांगून. लॅगच्या आधी समोरच्याला दाखवा, "मी हे घालतोय, काही सांगायचं असेल तर हात वर करा" म्हणा, आणि प्रत्येक शॉटच्या आधी एकदा त्याच्याकडे बघायची जबाबदारी तुमची. श्रवणयंत्राबद्दल अर्थातच कोणी कोणाला एक शब्द विचारायचा नाही.

आयोजकांना माझी एवढीच विनंती आहे की हे चार ओळींत लिहून भिंतीवर लावा. इअरबड नाही, प्लग सांगून, यंत्राला प्रश्न नाही, आणि फाउलची सूचना समोरच्याने 'हो' म्हटल्याशिवाय दिली असं धरायचं नाही. नियमात नाही म्हणून चालतं, हे आपल्याकडे फार झालं. नियमांनी समोरच्याचं लक्ष विचलित करायला मनाई केलीच आहे. त्याचं म्हणणं ऐकूच न घेणं हे त्याहून बरं कसं?

असो. आता माझं पाप.

ती चौथी ओळ मी माझ्यासाठी लिहिलीये. सूचना 'देणं' म्हणजे तोंडातून शब्द काढणं नव्हे, ती पोचवणं. दोन पावलं पुढे जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला असता तर तीन सेकंद गेले असते. मी गेलो नाही, कारण ४-४ होते आणि मला जिंकायचं होतं. त्याच्या इअरबडचा मला राग आला होता, आणि तोच इअरबड मी वापरून घेतला. उद्धटपणा त्याचा होता. पण लबाडी माझी होती, आणि दोन्हींत जास्त वाईट काय ते मार्करला न विचारताही कळतं.

फायनल हरलो. बरंच झालं. सोमवारी आयोजकाकडून त्या मुलाचा नंबर घेतला आणि फोन केला. म्हटलं, ती फ्रेम पुन्हा खेळू, एंट्री फी माझी, निकाल कागदावर बदलणार नाही पण माझ्या डोक्यात बदलेल. तो आधी गप्पच. मग म्हणाला, "सर, मला खरंच ऐकू नव्हतं आलं." म्हटलं, "माहितीये रे."

येत्या शनिवारी सहा वाजता भेटतोय. त्याने आपणहून सांगितलं, इअरबड गाडीत ठेवून येतो. मी सांगितलं, दुसरा फाउल झाला की टेबलाला वळसा घालून तुझ्यासमोर येऊन उभा राहीन.