मुलीची सायकल काढून घेऊ नका, गाडीवाल्याला सायकलवर बसवा!

पुणे-सोलापूर महामार्गावर उरुळी कांचन आणि यवत यांच्या मध्ये कासुर्डी लागते. दौंड तालुक्यातले हे गाव बाहेरच्यांना ठाऊक झाले ते टोलनाक्यामुळे. तो टोल २०१९ साली बंद झाला. पैसे घ्यायचे होते तोवर भरधाव गाड्या इथे मुकाट्याने थांबत होत्या. म्हणजे गाडी थांबवता येत नाही असे नाही. शाळा-कॉलेजला निघालेल्या मुलीसाठी ती थांबवावी असे कुणाला वाटत नाही, इतकेच!

गेली काही वर्षे मी या पट्ट्यातल्या गावांत बचतगटांच्या बैठकांना जाते. मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की फी आणि वह्या-पुस्तकांच्या आधी रस्ता येतो. ट्रकने हूल दिली, मुलगी सायकलसकट रस्त्याच्या कडेला खाली गेली, गुडघे फुटले. घरी काय ठरते? सायकल पडवीत उभी करायची. काही दिवस भाऊ मोटारसायकलवरून सोडतो. मग त्याला वेळ नसतो, मग एसटीची वाट, मग 'बारावी बाहेरून देऊ', आणि त्यानंतर स्थळे. गुन्हा ट्रकवाल्याचा, शिक्षा मुलीला! छेडछाडीच्या बाबतीत हे गणित आपण कधीच ओळखले आहे. त्याने त्रास द्यायचा, तिने घरात बसायचे. रस्त्याच्या बाबतीत मात्र आपण कार्यकर्त्याही 'जरा जपून जात जा ग' एवढेच म्हणतो.

जपून म्हणजे तिने नेमके काय करायचे? उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर निघतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वर गाण्यांचा दणदणाट. त्यांना ओलांडायला घाईतली मोटार डावीकडून घुसते, आणि तिथेच ही सायकलवर असते. यात तिच्या हातात काय आहे? जे आहे ते स्टिअरिंग धरणाऱ्याच्या हातात आहे. देशात २०२२ या एका वर्षात १ लाख ६८ हजारांवर माणसे रस्त्यावर मेली. ती सगळी जपून चालत नव्हती म्हणून मेली का?

आता हा स्टिअरिंग धरणारा घडतो कसा ते पाहू. मुलगा नववीत गेला की त्याला सायकलची लाज वाटू लागते. लायसन्सचे वय व्हायच्या आधीच तो बापाची मोटारसायकल काढतो, आणि बाप ते कौतुकाने चारचौघांत सांगतो. पुढे पिकअप, मग चारचाकी. जमिनीचे पैसे आले तर दारात मोठी पांढरी गाडी. सायकल उरते ती मुलीला, म्हाताऱ्याला, बाहेरून आलेल्या मजुराला. घरात ज्याची पत कमी, त्याचे वाहन सायकल! जिल्हा परिषदेचे महिला व बालकल्याण खाते सायकली वाटते त्याही मुलींना. वाटपाला माझा विरोध नाही, त्या सायकलींनी कितीतरी मुली दहावीपर्यंत पोचल्या आहेत. पण त्या समारंभाला पाहुणे कशातून येतात ते बघा. फोटो झाला की परतताना त्याच मुलींना हॉर्न मारून बाजूला करतात.

ऑस्ट्रेलियात २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांना एक पट्टी दाखवली. एका टोकाला पूर्ण माणूस, दुसऱ्या टोकाला काहींच्या पट्टीवर माकड, काहींच्या पट्टीवर किडा. सायकलवाले यात कुठे बसतात ते सांगायचे. स्वतः सायकल न चालवणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांनी त्यांना पूर्ण माणसाच्या खाली ठेवले. सायकल चालवणाऱ्यांत हे प्रमाण ३० टक्के निघाले. त्याच देशातल्या २०१७ च्या एका अभ्यासात, सायकल चालवणाऱ्या ड्रायव्हरांना रस्त्याच्या चित्रांतले बदल इतरांपेक्षा लवकर दिसले. स्वतः पॅडल मारले की नजर बदलते आणि समोरचा माणूसही दिसू लागतो. आपल्याकडे अशी पट्टी कुणी दाखवली तर काय निघेल, आणि त्या सायकलवर बाई असेल तर काय निघेल, याची कल्पना मैत्रिणींना मी द्यायला नको.

मला हे आधी शिकवले ते अभ्यासांनी नव्हे, एका टेम्पोवाल्याने. त्याचा टेम्पो दोन महिने गॅरेजमध्ये अडकला होता आणि तो लेकीची सायकल घेऊन डेअरीला जात होता. "ताई, हॉर्न कानाला नाही, पाठीत लागतो," तो म्हणाला. कोपर चाटून गेलेल्या गाडीचा वारा त्याने आयुष्यात पहिल्यांदा अंगावर घेतला होता. टेम्पो परत आल्यावर तो सायकलीमागून हॉर्न मारेनासा झाला. जागा मिळेपर्यंत मागे थांबतो. त्याचे सोबती त्याला हसतात. हसू देत!

१९९१-९२ च्या सुमारास तामिळनाडूत पुदुकोट्टईला साक्षरता चळवळीने हजारो बायकांना सायकल शिकवली. त्याचे आपण सार्थ कौतुक केले, भाषणांत अजूनही करतो. पण त्यातून आपण निम्माच धडा घेतला. बाई सायकलवर बसली की ती मोकळी होते, हे कळले. पुरुष पुन्हा सायकलवर बसला तर रस्ता मोकळा होईल, हे आपण म्हटलेच नाही.

यावर हमखास एक आक्षेप येतो. रविवारी पहाटे हेल्मेट घालून महागड्या सायकलींवर निघणारे साहेब सोमवारी गाडीत बसले की तसेच वागतात ना? काही वागतातही. वरच्या ३० टक्क्यांचा अर्थ तोच. हौसेने, घोळक्याने, रिकाम्या रस्त्यावर चालवलेली सायकल फार काही शिकवत नाही. शिकवते ती सकाळी नऊची, एकट्याने, पाठीला दप्तर लावून चालवलेली. रात्रंदिवस गाडी हाकणाऱ्या ट्रक ड्रायव्हरची झोपही मालकाने खाल्लेली असते, हेही मला मान्य आहे. वेगळी सायकलवाट हवी, ओलांडायला सुरक्षित जागा हवी, हे तर हवेच. पण रस्ता रुंद होण्याची वाट पाहत आणखी किती मुलींनी घरी बसायचे?

आणि शासनाला जमत नाही असे तरी कुठे आहे? आषाढीला तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतच्या मुक्कामाला याच वाटेने जाते. त्या दिवशी वाहतूक वळवतात, पायी चालणाऱ्याचा मान आधी असतो, गाडीवाले हात जोडून थांबतात. त्याच वारीत आपल्या आया-बहिणीही असतात. त्या दिवशी त्यांना वाट मिळते, दुसऱ्या दिवशी रस्ता पुन्हा गाडीवाल्यांचा.

पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध यांची विशेष काळजी ड्रायव्हरने घ्यावी, असे केंद्राचे २०१७ चे वाहन चालवण्याचे नियमच सांगतात. लायसन्स देताना मात्र हे अंगवळणी पडले आहे का, ते कोण तपासते? म्हणून आपल्या संघटनांनी ही मागणी लावून धरावी: चारचाकीचे लायसन्स मागणाऱ्याने आधी भर रहदारीच्या वेळी सायकल चालवून दाखवली पाहिजे. कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर स्कूलबसचे, कारखान्याच्या ऊसवाहतुकीचे आणि सरकारी गाड्यांचे ड्रायव्हर यांच्यापासून सुरुवात करा. पंधरा दिवस, मुलींच्या शाळेच्या वेळेला, मुलींच्याच रस्त्याने.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहेच. त्या सभेत हा ठराव मांडा, आणि पहिल्या आठवड्यात सरपंच, सदस्य, ग्रामसेवक यांची नावे घाला. सायकल येत नाही असे कुणी म्हणालेच, तर शिकवायला आठवीतल्या मुली तयार आहेत.