बिटफील्ड घरात ठीक, उंबऱ्याबाहेर नको



'सी'मध्ये काम करणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांना बिटफील्ड्स आवडतात. मलाही आवडायचे. स्ट्रक्टमध्ये नावापुढे कोलन आणि बिटांची संख्या लिहिली की झालं, शिफ्ट-मास्कची कटकट नाही. पण दुसऱ्या मशीनकडून येणारा किंवा तिकडे जाणारा डेटा बिटफील्डने वाचू-लिहू नये, असं आता माझं ठाम मत आहे. ठेच लागल्यावर झालेलं.

काही वर्षांपूर्वी आम्ही पंपांवर देखरेख करणारं सॉफ्टवेअर पॉवरपीसी बोर्डावरून एआरएमवर नेलं. पंपांवरची उपकरणं जुनीच राहिली, कंट्रोल रूममधला बोर्ड तेवढा नवा. स्टेटसचा एकच बाइट : वरचे ३ बिट मोड, मग १ बिट अलार्म, खालचे ४ बिट बॅटरी. मोड २, अलार्म १, बॅटरी २ असेल तर बाइट होतो ०१०१००१०, म्हणजे हेक्समध्ये ५२. जुना कंपायलर बिटफील्ड्स वरच्या बिटापासून भरायचा, नवा खालच्या बिटापासून. नव्याला दिसलं काय? मोड २, अलार्म ०, बॅटरी ५. मोड बरोबर, बॅटरी झकास आणि अलार्म गायब! स्क्रीनवर सगळं आलबेल आणि तिकडे पंप रात्रभर कोरडा चालून जळला.

आमच्या टेस्ट्स मात्र सगळ्या पास होत्या. कारण दोन्ही टोकांना नवेच बोर्ड लावले होते. एकाने उलटं लिहायचं, दुसऱ्याने उलटंच वाचायचं, चूक दिसणार कशी? बोल बसले पोर्टिंग करणाऱ्या नव्या मुलाला. खरं तर त्या स्ट्रक्टची एक ओळही त्याने बदलली नव्हती. रिव्ह्यू माझा होता, आणि मीटिंगमध्ये ते मी पुरेशा मोठ्याने सांगितलं नाही. असो.

कंपायलरचीही यात चूक नाही. बिटफील्ड्स कुठल्या टोकापासून भरायचे, हे 'सी'च्या स्टँडर्डने कंपायलरवर सोडलेलं आहे. एनटोएचएल वगैरे मंडळीही कामाची नाहीत. ती बाइट्सची अदलाबदल करतात, आणि इथे तर बाइटच एक! लिनक्समधलं आयपी हेडरचं स्ट्रक्ट उघडून बघा. पहिल्या बाइटमधले व्हर्शन आणि हेडरची लांबी हे दोन चार-चार बिटांचे फील्ड्स तिथे दोनदा, उलटसुलट क्रमाने लिहावे लागले आहेत, लिटल एंडियनसाठी एकदा आणि बिग एंडियनसाठी एकदा. त्यांनी ते जपून केलंय. आपण प्रत्येक प्रोजेक्टमध्ये तेवढं जपतो का?

आमच्या घरचाच किस्सा सांगतो. आपण लिहितो २५, दोन आधी. बोलताना मात्र पंच आधी, वीस नंतर. इकडे वाढलेली माझी मुलगी आजीने फोनवर सांगितलेला नंबर हमखास ५२ असा लिहायची. आजीने उपाय काढला : एकेक आकडा सुटा सांगायचा. "दोन. पाच." भांडण मिटलं.

कोडमध्येही हेच करा. बाइट्स एकेक करून घ्या. मोड म्हणजे बाइट ५ घरं उजवीकडे सरकवून. अलार्म म्हणजे ४ घरं सरकवून १ शी ॲण्ड. बॅटरी म्हणजे १५ शी ॲण्ड. नेटवर्कवरून १६ बिटांची संख्या आली तर पहिला बाइट ८ घरं डावीकडे, त्याला दुसरा ऑर करा. तारेवरचा क्रम ठाऊक असला की पुरे. आपलं मशीन कुठल्या एंडियनचं, हे कोडला विचारावंच लागत नाही, इफडेफही नको. एक मात्र सांभाळा : ३२ बिटांसाठी बाइट २४ घरं सरकवण्याआधी अनसाइन्ड ३२-बिटमध्ये कास्ट करा. नाहीतर तो साइन्ड इंट होतो आणि वरचा बिट १ असला की अनडिफाइन्ड बिहेवियर.

"पण हे स्लो नाही का?" आजचे जीसीसी आणि क्लँग ही ठरावीक रचना ओळखतात आणि शक्य तिथे एक लोड आणि एक बाइट-स्वॅप एवढ्यावर आणतात. "आता सगळं लिटल एंडियनच आहे" असंही ऐकतो. आयबीएमची मेनफ्रेम्स अजून बिग एंडियन आहेत, आणि आयपी, टीसीपीची हेडर्सही. शिवाय बिटफील्डचा क्रम कंपायलरच्या हातात, तो वेगळाच.

आपल्याच प्रोग्रॅमच्या पोटात मेमरी वाचवायला बिटफील्ड खुशाल वापरा. बाहेरच्या डेटासाठी नको. आणि टेस्टमध्ये निदान एकदा हाताने लिहिलेला बाइट द्या : हेक्स ५२ आत, २, १, २ बाहेर. एवढी एक टेस्ट असती तर तो पंप वाचला असता, आणि त्या मुलाला बोलणीही खावी लागली नसती.

पटत नसेल तर जरूर भांडा.