उभा ट्रॅक्टर, घाईचा धक्का



रोहिण्या लागल्या की गोठ्यामागे २-३ वर्षे उभा असलेला ट्रॅक्टर आठवतो. पेरणी तोंडावर, मग दहा माणसांचा धक्का, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरची साखळी. मी शेतकीचा पदवीधर, तरी घरचा ट्रॅक्टर असाच ओढला आणि रॉड वाकवून बसलो. सायलेन्सरवाटे पावसाचे पाणी सिलिंडरात उतरले होते. हवा दाबली जाते, पाणी नाही.

आधी नोजल काढा. प्रत्येक सिलिंडरात दोन चमचे ऑइल सोडून रात्रभर मुरू द्या. सकाळी गिअर मोकळा करून इंजिन हाताने फिरवा. पाणी असेल तर भोकातून उडेल, तोंड लांब ठेवा. अडले तर जोर करू नका, पुन्हा ऑइल सोडा.

टाकीच्या तळचे पाणी काढा. डिझेल, ऑइल, फिल्टर बदला. एअर क्लीनरात उंदरांचा संसार असतोच! नोजल बसवून डिझेल लाइनमधली हवा काढा.

पंपाची रॅक गंजून अडकली, तर इंजिन पळत सुटते आणि बंद करायची दोरी ओढूनही थांबत नाही. म्हणून दोरी आधी तपासा. हवेच्या तोंडावर दाबायला फळी जवळ ठेवा, हात नको.

चालू झाल्यावर ऑइलचा काटा लगेच हलला नाही, तर बंद करा. यंदाची पेरणी भाड्याने होईल.