काचेपलीकडची धामण

पाच ते बारा नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. तो संपता संपता मुलांच्या शाळेतून सूचना आली. मुलांनी स्वतः पाहिलेल्या पाच पक्ष्यांचे किंवा प्राण्यांचे फोटो काढावेत आणि प्रत्येकाखाली चार ओळी लिहाव्यात. इंटरनेटवरून उतरवलेले फोटो चालणार नव्हते. मग रविवारी सकाळीच चपात्या-भाजीचा डबा भरला, घरातला जुना कॅमेरा आणि दोन मोबाइल घेतले आणि आम्ही सगळे पुण्याच्या कात्रजला निघालो.

आमच्या लहानपणी पुण्यात वाघ-माकडे बघायची ती पेशवे पार्कात. ते प्राणी नंतर कात्रजला आले. राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचा परिसर सुमारे १३० एकरांचा असून आत मोठे तळे आहे. सर्पोद्यान त्याहून जुने आहे. सापांसाठी आयुष्य वेचणाऱ्या नीलमकुमार खैरे यांनी ते १९८६ साली उभे केले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे लोकांना पटावे म्हणून १९८० साली ते ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास राहिले होते. वाटेत ही गोष्ट सांगितली तेव्हा आमची धाकटी खिडकीतून बाहेर बघत होती. थोरला मात्र गप्प झाला. का, ते आम्हांला नंतर कळले.

ऊन कोवळे होते म्हणून आधी तळ्याकडे गेलो. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांपेक्षा आपखुशीने येणारे पक्षी टिपायला जास्त मजा येते. पाणकावळा पंख पसरून ऊन खात होता. काठावर ढोकरी इतकी स्तब्ध बसली होती की धाकटीला ती दगडच वाटली. फोटो काढायला दोन पावले पुढे टाकली आणि तो ‘दगड’ पांढरेशुभ्र पंख उघडून उडाला. खंड्याने तर चौघांनाही अर्धा तास झुलवले. शेवटी मिळाला तो फोटो थोडा हललेला होता, पण धाकटीने तोच ठेवला. “माझा आहे तो,” म्हणाली.

तिथेच बसून डॉ. सालिम अलींची गोष्ट निघाली. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतला. लहानपणीच पोरके झाल्याने मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी ते वाढले. छर्‍याच्या बंदुकीने चिमण्या मारणे हा त्यांचा खेळ. एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी, असे त्यांनी मामांना विचारले. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथले सचिव मिलर्ड यांनी पक्षी ओळखून दिला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांनी भरलेली कपाटे उघडून दाखवली. त्या एका मेलेल्या चिमणीपासून भारताच्या सर्वांत मोठ्या पक्षितज्ज्ञाचा प्रवास सुरू झाला. पुढे अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरणीचा अभ्यास केला. घरटे नर विणतो आणि मादी ते पारखून पसंत करते, हे ऐकून आमच्या घरातली मादी खूश झाली.

दुपारी सर्पोद्यानात गेलो. मगर जबडा वासून पडली होती. ती रागावलेली नसते. अंग तापले की तोंड उघडून ती गारवा मिळवते. काचेआडचे साप टिपताना पहिले दहा फोटो वाया गेले, कारण फ्लॅशचा उजेड काचेवरून परत येत होता. फ्लॅश बंद करून कॅमेरा अलगद काचेला टेकवला आणि सापाच्या डोळ्याच्या पातळीवर गुडघे टेकून बसलो, तेव्हा चित्र स्वच्छ आले. शेजारी काही मुले काचेवर टकटक करत होती. तिथल्या कर्मचाऱ्याने त्यांना समजावले, “त्याला बाहेरचे कान नाहीत, पण प्रत्येक थाप त्याच्या अंगाला कळते.”

एका काचेसमोर थोरला बराच वेळ थांबला. पाटीवर लिहिले होते, धामण, बिनविषारी. लांबसडक पिवळट-तपकिरी अंग, निमुळते डोके, मोठा गोल डोळा. त्याने कॅमेरा खाली घेतला आणि हळूच विचारले, “अब्बा, गावी आपण मारली ती हीच ना?”

तीच होती. गेल्या पावसाळ्यात कोकणातल्या घरी लाकडांच्या खोलीत साप निघाला. ‘नाग, नाग’ अशी ओरड झाली. शेजारी काठ्या घेऊन धावले आणि पहिली काठी आमचीच पडली. काठीवर टांगलेल्या सापाचा फोटो थोरल्याने काढला आणि आम्ही तो कौतुकाने सगळ्या नातेवाइकांना पाठवला. तिने फणा काढला नव्हता, हे आम्हांला आज आठवले. धामण म्हशीच्या पायांना वेटोळे घालून दूध पिते, शेपटीने डंख मारते, हे आम्हीही लहानपणापासून ऐकत आलो. दोन्ही खोटे. ती उंदीर खाते, म्हणजे आपले धान्यच राखते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तिला मारणे गुन्हा आहे. आम्ही मुलाला म्हणालो, “हो, हीच. चुकलो आम्ही.” दुसरे काय सांगणार?

सापाची भीती खोटी नाही. आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे जातात, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. आपल्याकडे त्यातले बहुतेक बळी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे. म्हणून साप दिसला की मुलांना लांब करावे, एकाने दुरून नजर ठेवावी आणि सर्पमित्राला किंवा वन विभागाला १९२६ वर फोन करावा. दंश झाला तर आवळून बांधू नये, कापू नये, झाडफुंकीत वेळ घालवू नये. माणसाला न हलवता १०८ ची गाडी बोलवावी. उतारा दवाखान्यातच मिळतो.

कात्रजला जायचे तर बुधवारी सुट्टी असते, हे लक्षात ठेवा. कॅमेऱ्याच्या तिकिटाचे आधी विचारून घ्या.

रात्री थोरल्याने मोबाइलमधला तो जुना फोटो पुसून टाकला. नातेवाइकांच्या त्याच ग्रुपवर नवा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, ‘ही धामण. विषारी नाही. आम्ही मारली होती ती अशीच होती.’ थोड्या वेळाने गावाहून दादीचा आवाज आला, “बेटा, याचा मोठा कागद काढून आण. लाकडांच्या खोलीच्या दारावर लावू. आणि तो फोन नंबरही खाली लिही, मोठ्या अक्षरात.”