शनिवारची रात्र आणि घरातला रेडिओ

काशीदच्या किनाऱ्यावर पूर्वी मुंबईचं रेडिओ केंद्र चांगलं लागायचं. मध्यम लहरी जमिनीपेक्षा समुद्राच्या खाऱ्या पाण्यावरून लांब जातात, हे त्याचं साधं कारण. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. १९५२ पासून आकाशवाणीने शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू केला, तो शनिवारी रात्री लागे.

पूर्वी असं गाणं दरबारात किंवा श्रीमंतांच्या दिवाणखान्यात चाले. रेडिओने ते चुलीपर्यंत आणलं. मैफलीला जाणं ज्यांना शक्यच नव्हतं, त्या आपल्या आज्या आणि नान्या भाकऱ्या थापता थापता ते ऐकू लागल्या. ना तिकीट, ना आमंत्रण.

आपल्या मुलांना हे सांगायला हवं, की या गाण्याचा मोठा वारसा महाराष्ट्रात उस्तादांनी वाढवला. उस्ताद अल्लादिया खाँ कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी होते. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर त्यांच्या शिष्या. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले; सवाई गंधर्व त्यांचे शिष्य आणि भीमसेन जोशी सवाई गंधर्वांचे. गाण्यामागे घुमणारा तंबोराही अनेकदा मिरजेच्या शिकलगार कुटुंबांच्या हातचा असे. उस्तादाने शिष्याचा धर्म विचारला नाही, शिष्यानेही उस्तादाचा विचारला नाही. आज माणसामाणसांत भिंती उभ्या राहत असताना हा इतिहास मुलांनी पुस्तकात शोधत बसण्यापेक्षा घरातच ऐकलेला बरा.

संगीताबद्दल आपल्या घराघरांत मतं वेगळी आहेत. त्यावर वाद घालायचं हे ठिकाण नव्हे. ज्यांना गाणं नको, त्यांच्यासाठी रेडिओवर भाषणं, मुलाखती आणि श्रुतिका आहेत. डॉक्टरांचा सल्ला, शेतीची माहिती, एखाद्या लेखकाच्या आठवणी, हे सारं घरबसल्या मिळतं.

आता आकाशवाणी मोबाईलवरही लागते. पण मोबाईल ज्याचा त्याच्या कानाशी असतो. रेडिओ साऱ्या घराचा होता. आठवड्यातून एक संध्याकाळ टीव्ही बंद ठेवून पाहा. जेवणं उरकल्यावर सगळ्यांनी एकत्र बसावं, एक कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकावा आणि मग दादा-दादींना विचारावं, "तुम्ही तेव्हा काय ऐकायचात?" बोलायला विषय आपोआप सापडेल.