सोयाबीनच्या पोत्यावर ॲमेझॉनचा धूर

बार्शीटाकळीचा शेतकरी सोयाबीन घेऊन बाजारात गेला, की व्यापारी आधी मूठभर दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात टाकतो. आकडा बारा टक्क्यांच्या वर गेला की भाव उतरायला लागतो. शेतकरी कुरकुरतो, यंत्राला नावं ठेवतो, पण मोजलं ते आपल्याच पोत्यातलं, हे त्याला मान्य असतं. उद्या व्यापारी म्हणाला, ‘यंत्र राहू द्या, राज्याची सरासरी चौदा आहे, तेवढाच ओलावा धरतो,’ तर काट्याजवळ काय होईल हे वऱ्हाडातल्या वाचकाला सांगायला नको.

पण याच सोयाबीनचं आणि तुरीचं आणखी एक मोजमाप सुरू झालं आहे, आणि तिथे बहुतेक वेळा असंच चालतं.

शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीने पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. त्यात हरितगृह वायूंचा हिशेब आहे. कारखान्यातल्या बॉयलरचा धूर हा स्कोप १, विकत घेतलेल्या विजेचा स्कोप २. कच्च्या मालापासून वाहतुकीपर्यंत बाकी सगळा स्कोप ३, आणि तो देणं अजून ऐच्छिक आहे. बिस्किटं, तेल, डाळ विकणाऱ्या कंपनीचा मोठा बोजा या तिसऱ्याच खात्यात असतो, म्हणजे शेतात. तो मोजायला कंपन्या सॉफ्टवेअर घेतात. सॉफ्टवेअर शेतात येत नाही. ते खरेदीचा आकडा घेतं, त्याला एका ‘उत्सर्जन गुणांका’ने गुणतं आणि उत्तर छापतं.

खरी गोम त्या गुणांकात आहे.

आपल्याकडे सोयाबीनला पेरताना वीस-वीस-शून्य-तेरा हे खत सर्रास देतात. पन्नास किलोच्या पोत्यात दहा किलो नत्र. त्यातला थोडा भाग जमिनीतले जिवाणू नायट्रस ऑक्साइड करून हवेत सोडतात. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरतो. हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००६ च्या नियमाप्रमाणे दिलेल्या नत्रातलं एक टक्का नत्र या रूपात उडतं. म्हणजे एका पोत्यामागे सुमारे ४३ किलो कार्बन. त्याच समितीने २०१९ मध्ये नियम सुधारला: उष्ण प्रदेशात वर्षाला हजार मिलीमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तर अर्धाच टक्का धरा, जास्त असेल तर रासायनिक खतासाठी १.६ टक्के. आपला तालुका हजाराच्या खाली आहे. तेच पोतं आता २१ किलोंवर येतं. ओल्या प्रदेशाचा गुणांक चुकून लागला तर ६९. खत तेच, शेत तेच.

आता कोणी म्हणेल, मग २१ च खरा. तसंही नाही. आपली काळी चिकण माती जुलै-ऑगस्टच्या झडीत आठ-आठ दिवस चिबडते, आणि हवा कोंडलेल्या ओल्या जमिनीतच हा वायू जास्त तयार होतो. खरा आकडा वावरात पेट्या लावून मोजल्याशिवाय कळणार नाही. ते काम कृषी विद्यापीठाचं आहे, आणि ते अकोल्यात, आपल्या अंगणातच आहे. मोजायचा खर्च मालाच्या साखळीत सर्वांत वर बसलेल्यांनी द्यावा, हे माझं स्पष्ट मत.

खतापेक्षा मोठा घोळ जमिनीचा आहे. जागतिक सरासरीत ब्राझीलचं सोयाबीन मिसळलेलं असतं, आणि तिथे जंगल तोडून झालेल्या शेतीचा कार्बन वीस वर्षं पिकाच्या खात्यावर टाकतात. आपल्याकडे सोयाबीन आलं ते ज्वारी-कपाशीच्या जुन्या वावरात. महानच्या धरणालगतचं काटेपूर्णा अभयारण्य कोणी सोयाबीनसाठी तोडलेलं नाही. जागतिक गुणांक लावला की ॲमेझॉनचा धूर इथल्या पोत्यावर चढतो. युरोपच्या २०२३ च्या जंगलतोडविरोधी कायद्यात सोयाबीन आहे. त्याची अंमलबजावणी लांबत आली आहे, पण तिथे पेंड पाठवणाऱ्याला हा फरक कागदावर दाखवावाच लागेल.

काही हिशेब तर किलोवर नाही, रुपयांवर होतात. २०२० च्या दिवाळीत चार-साडेचार हजारांच्या आसपास असलेलं सोयाबीन २०२१ च्या ऑगस्टमध्ये दहा हजारांवर गेलं. महागाईची दुरुस्ती केली नाही, तर तेवढ्याच क्विंटलचं प्रदूषण दुपटीहून जास्त झालं असं सॉफ्टवेअर सांगेल. यावर हसावं की रडावं!

सुरुवात सरासरीनेच करावी लागते, हे मला मान्य आहे. लाखो शेतकऱ्यांच्या वावरात पहिल्याच वर्षी कोण जाणार? पण सरासरीत अडकून राहिलं की शेतकऱ्याने खत निम्मं केलं, जिवाणू संवर्धक लावलं, काड जाळायचं सोडलं, तरी आकडा जागचा हलत नाही. मग त्याने ते का करावं?

आणि हा प्रश्न फक्त हवेचा नाही. जे नत्र पिकाला लागत नाही, त्यातलं बरंच झिरपून विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडलेलं पाणी बाटलीच्या दुधात गेलं, तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घटते आणि बाळ निळं पडतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालातल्या नायट्रेटग्रस्त जिल्ह्यांत आपल्या विभागातले अमरावती, बुलडाणा आणि यवतमाळ आहेत. खताचा खरा हिशेब वावरात झाला, तर एकाच नोंदीतून हवेचंही कळेल आणि विहिरीचंही. सरासरीच्या गुणाकारातून विहीर दिसत नाही.

कंपनीकडून दालमिलला, दालमिलकडून शेतकरी गटाला असे फॉर्म आता खाली झिरपायला लागले आहेत. सही करण्याआधी गटाच्या सचिवाने तीन गोष्टी लेखी मागाव्यात: गुणांक कोणता लावला, जमीन जुनी असल्याची नोंद कुठे घेतली, आणि खत कमी केल्याचा आकडा कंपनीच्या खात्यावर उतरला तर क्विंटलमागे शेतकऱ्याला काय मिळणार. मी पाहिलेल्या दोन फॉर्मांत पेरणीची तारीख होती, गट नंबर होता, मोबाइल नंबर होता. या तीनपैकी एकाही गोष्टीसाठी रकाना नव्हता.